गळलेले अनुस्वार

आमच्या गावाच्या नावाची, ‘शेळगाव’ ही चार अक्षरं लाकडातून कापून काढायला मला पहिल्यांदा अडीच तास लागले. तालुक्याचं ‘इंदापूर’ त्याहून लवकर झालं, पण पाटी उचलली तर ती ‘इदापूर’ झाली होती. अनुस्वार खाली भुशात पडला होता.

स्क्रोल सॉ या यंत्राशी माझी खरी ओळख त्या दिवशी झाली. यंत्र आणून तेव्हा महिना उलटला होता. तोवर मी सफरचंद, मासा, बदक अशा बिनधोक गोष्टी कापत होतो. अशा आकारांना आत-बाहेर काही नसतं. पातं कडेने फिरवलं की काम झालं. अक्षरांचं तसं नाही. अक्षर कापताना प्रत्येक तुकडा कशाला धरून राहणार आहे, हे आधी ठरवावं लागतं.

देवनागरी या छंदासाठीच जन्माला आली असावी, असं मला वाटतं. रोमन लिपीतला शब्द फळीतून कापला की त्याची सुटी अक्षरं हातात येतात, मग ती दुसऱ्या फळीवर ओळीत चिकटवत बसा. आपला शब्द शिरोरेषेला टांगलेला असतो, त्यामुळे तो अखंड बाहेर येतो. श, ग, ण ही अक्षरं तर मुळात दोन तुकड्यांची आहेत. ‘ग’चा आकडा आणि त्याचा दंड यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, दोघेही वरच्या रेषेला लोंबकळतात. लहानपणी शिरोरेषा न देता लिहिलं की गुरुजी का ओरडत, ते मला पन्नाशीत करवत हातात आल्यावर कळलं.

‘शेळगाव’मध्ये कठीण भाग म्हणजे डोळे: ‘ळ’चे दोन आणि ‘व’चा एक. (‘श’ची गाठ मी भरूनच टाकली.) प्रत्येक डोळ्यासाठी आधी बारीक ड्रिलने भोक पाडायचं, पात्याचं वरचं टोक सोडायचं, ते भोकातून ओवायचं, पुन्हा वर आवळायचं, ताण द्यायचा आणि मग आतला तुकडा कापायचा. पुढच्या डोळ्याला पुन्हा तेच. सुईत दोरा ओवण्यासारखं काम, फक्त दोरा पोलादी आणि दातेरी. अनुस्वाराला मात्र शिरोरेषेचा आधार नाही. तो वर अधांतरी असतो. त्याला एकतर रेषेपर्यंत बारीक मान काढून द्यायची, नाहीतर पाटीमागे दुसरी फळी लावून त्यावर तो चिकटवायचा. ॐ वरच्या चंद्रबिंदूचंही तेच. खिळे जुळवून छापण्याच्या काळातही अक्षराच्या डोक्यावरचं हे गणगोत सांभाळणं ही मराठी छापखान्यांची डोकेदुखीच होती. निर्णयसागर छापखान्याच्या जावजी दादाजींची आठवण मला अशा वेळी आदराने येते.

आता यंत्राबद्दल. पुण्याच्या बाजारात मी स्क्रोल सॉ मागितला तेव्हा एका दुकानदाराने आत्मविश्वासाने जिगसॉ पुढे केला. दोन्ही वर-खाली चालतात, साम्य तेवढंच. जिगसॉ हातात धरून लाकडावर फिरवायचा. प्लायवूडमध्ये सिंकसाठी खिडकी पाडणाऱ्या सुताराकडे दिसतो तो. स्क्रोल सॉ टेबलासारखा जागीच बसतो. पातं एका जागी उभं राहून वर-खाली नाचतं आणि लाकूड आपण त्याभोवती फिरवतो. शिलाई मशीनवर कापड फिरवणाऱ्या बाईला हे यंत्र पाच मिनिटांत जमतं. घरात मला यंत्र शिकवायला लागलं नाही अशी एकमेव व्यक्ती म्हणजे माझी बायको.

साधं घरगुती यंत्र सोळा इंची असतं, म्हणजे पातं आणि मागचा खांब यांत सोळा इंच मोकळी जागा. त्याहून लांब फळी त्यात पूर्ण गोल फिरत नाही. मोटार शे-सव्वाशे वॉटची, त्यामुळे वस्तीवरच्या सिंगल फेजवर ती बिनतक्रार चालते. वेग मिनिटाला साधारण ४०० ते १६०० हेलकावे. नवखा माणूस वेग वाढवतो आणि लाकूड जाळतो. पातं पाच इंच लांब असतं. ५ नंबरचं पातं जेमतेम एक मिलिमीटर रुंद आणि त्याच्या निम्म्याहून कमी जाड. नंबर जितका लहान तितकं पातं बारीक. काही पात्यांच्या टोकांना आडवी पिन असते. ती बसवायला सोपी, पण पिन जायला भोक मोठं लागतं. ‘ळ’च्या डोळ्यासाठी बिनपिनेचं पातंच हवं, म्हणून यंत्र घेताना ते बिनपिनेचं पातं घेतं का, हे पहिलं विचारावं. खालचे काही दाते उलटे असलेली पातीही मिळतात. त्याने फळीच्या खालच्या बाजूला फाटे निघत नाहीत आणि पॉलिश पेपर घासण्याचं निम्मं काम वाचतं.

पात्याचा ताण कानाने ओळखायचा. बोटाने छेडलं की तुणतुण्याच्या तारेसारखा स्वच्छ आवाज यायला हवा. ढप्प वाजलं तर कापताना ते वाकणार आणि कड तिरकी येणार. टेबल पात्याशी काटकोनात आहे की नाही हे पाहायला गुण्या लावतात, पण मला एक सोपी युक्ती आवडते. जाड ठोकळ्यात थोडीशी चीर पाडायची, ठोकळा फिरवून पात्याच्या मागे आणायचा आणि त्याच चिरेत मागून पातं सरकवायचं. अलगद गेलं तर काटकोन बरोबर. सगळ्यांत चिडवणारी गोष्ट वेगळीच: बहुतेक पाती सरळ कापतच नाहीत. ती बनवताना एका कडेला धारदार कोर राहते आणि पातं त्या बाजूला ओढतं. म्हणून लाकूड जरा तिरकं धरूनच पुढे सारावं लागतं. हे कळेपर्यंत मी स्वतःच्या हाताला दोष देत होतो.

गावातल्या सुतारनानांनी पातं दोन बोटांत धरून पाहिलं. बाभळीच्या चाकात आरे ठोकण्यात आयुष्य गेलेला माणूस. म्हणाले, “ह्यानं काय कापायचं रं, केस?” वाकस, पटाशी, रंधा, सामता या त्यांच्या अवजारांपुढे माझं यंत्र खेळणंच होतं. पण ‘व’चा डोळा कापताना ते शेवटपर्यंत उभे राहिले आणि जाताना त्यांनी शिकवलेली गोष्ट मला कुठल्याही पुस्तकाने इतकी नीट शिकवली नव्हती. “बारीक टोक काढशील तिथं लाकडाच्या रेषा टोकाच्या दिशेनं जाऊ दे. आडव्या गेल्या की मोडलंच.”

बारीक पात्याची करवत काही नवी नाही. चौदाव्या लुईचा कारागीर आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) कासवाची पाठ आणि पितळेचे पत्रे एकावर एक ठेवून एकदमच कापायचा आणि एकाचा तुकडा दुसऱ्याच्या भोकात बसवायचा. इंग्रजीत या करवतीला त्याच्या नावावरून ‘बूल सॉ’ म्हणतात. पुढे शिलाई मशीनसारखी पायाने चालणारी यंत्रं आली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड-अमेरिकेत हा घरोघरचा छंद झाला. इंग्लंडमधल्या डेरहॅम गावच्या ‘हॉबीज’ कंपनीने १८९५ साली याच छंदासाठी साप्ताहिक काढलं आणि अंकाबरोबर पूर्ण आकाराचा नक्षीचा कागद फुकट द्यायला सुरुवात केली. कागद लाकडावर चिकटवायचा आणि रेषेवरून कापायचं. आपल्याकडे काशीनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला तो १९०९ साली. आमच्या दिवाळी अंकांतून कथा, कविता, व्यंगचित्रं, राशिभविष्य सगळं मिळालं, पण कापायला नक्षी कुणी दिली नाही, ही माझी बारीकशी तक्रार आहे.

मराठी मुलखात लाकडावरची नक्षी म्हणजे पटाशीची नक्षी. पुण्याच्या विश्रामबागवाड्याचं दर्शनी लाकूडकाम पाहा: पृष्ठभाग खोदत खोदत कमळं, वेली उठवल्या आहेत. आरपार कापलेली जाळी, पागोळ्यांखाली लोंबणारी फळीची झालर, हे आपल्याकडे जास्त दिसतं ते माथेरान, पाचगणीच्या जुन्या बंगल्यांना आणि काही रेल्वे स्टेशनांना. खोदणाऱ्याला तुकडा गळेल अशी भीती नसते, आरपार कापणाऱ्याला सतत असते.

अर्थात आरपार कापणं आपल्या गावांना अगदीच अनोळखी नव्हतं. गणपतीचं मखर आठवा. धनुकलीला तापलेली तार बांधून थर्माकोल कापणारी पोरं प्रत्येक आळीत होती. आतली नक्षी काढायला तार एका बाजूने सोडायची, भोकातून ओवायची, पुन्हा बांधायची. म्हणजे माझं ‘ळ’चं तंत्र त्यांना चांगलं अवगत होतं. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात प्लॅस्टिकबरोबर थर्माकोलवरही बंदी आली. त्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयानेही गणपतीच्या सजावटीसाठी सवलत नाकारली. मखरं पुठ्ठ्याकडे, कापडाकडे, प्लायवूडकडे वळली. तीन मिलिमीटरच्या प्लायच्या चार फळ्या एकावर एक टेपने बांधून मी एका बैठकीत चार सारख्या महिरपी कापतो. थर्माकोल कापणाऱ्या हातांना हे शिकवायला अर्धा दिवस पुरतो.

लोक विचारतात, लेझर असताना हे कशाला? प्रश्न रास्त आहे. आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला आणि २००२ मध्ये एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब तिथेच उभी राहिली. संगणकावर आकार काढा, यंत्र कापून देईल, ही गोष्ट अशी खेड्यातही आली. लेझर माझ्याहून शंभर पट अचूक कापतो, हे मान्य. पण कड जाळून काळी करतो आणि प्लाय जळल्याचा वास कित्येक दिवस जात नाही. शिवाय मला पाटी लवकर नकोच असते.

लाकडाबद्दल थोडं. सागवानाचं काम देखणं होतं, पण त्यात वाळूसारखे सिलिकाचे कण असतात आणि पातं लवकर बोथटतं. शिवण हलकं आणि एकसारखं, या कामाला उत्तम. आमच्याकडे मिळणारा आंबा चालतो, पण पूर्ण वाळलेला हवा. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात, उसाच्या दमट हवेत, घाईने वाळवलेली फळी पावसाळ्यात वाकते आणि ‘शेळगाव’ची पाटी धनुष्यासारखी होते. एमडीएफ स्वस्त आणि सपाट असतो, पण त्याची भुकटी फार बारीक. लाकडाची भुकटी कर्करोगकारक म्हणून आंतरराष्ट्रीय यादीत आहे, तेव्हा मास्क न लावता हा छंद करू नये. नाकाला रुमाल बांधून भागत नाही.

सर्वाधिक मागणी मला विठ्ठलाची येते. तुकोबारायांची पालखी बेलवाडीचं रिंगण करून अंथुर्ण्याहून शेळगाव फाट्यावरून निमगाव केतकीकडे जाते, त्या दिवसांत वारकऱ्यांना द्यायला लहान आकृत्या करतो. कमरेवर हात ठेवलेला विठोबा म्हणजे आतल्या कापाचा पहिला धडा: हात आणि अंग यांच्यामधल्या दोन खिडक्या. त्या कापल्या नाहीत तर नुसता खांब दिसतो. कापल्या की देव उभा राहतो.

पण माझा जीव अडकला आहे नकाशात. लंडनचा जॉन स्पिल्सबरी १७६० च्या दशकात नकाशे महॉगनीच्या फळीवर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापायचा, मुलांना भूगोल शिकवायला. जोडकोड्यांचा उगम तोच. मी आधी महाराष्ट्र कापला. १९६० साली राज्य झालं तेव्हा २६ तुकड्यांत भागलं असतं. आता ३६ लागतात. शेवटचा पालघरचा, २०१४ सालचा, ठाण्याच्या तुकड्यातून काढलेला. मग पुणे जिल्ह्याचे चौदा तालुके घेतले. वेल्हे (आता राजगड), मुळशी, मावळ यांच्या डोंगरी सीमा पात्याला दमवतात.

इंदापूर हा जिल्ह्याचा पूर्वेकडचा शेवट. एका अंगाने भीमा, दुसऱ्या अंगाने नीरा, आणि दोघी नीरा नरसिंहपूरला भेटतात. म्हणजे आमचा तालुका एका निमुळत्या टोकात संपतो. ते टोक मी तीनदा मोडलं. पहिल्या दोन वेळा सुतारनानांचं सांगणं विसरलो होतो, रेषा आडव्या होत्या. तिसऱ्यांदा रेषा उभ्या घेतल्या आणि तरी ते पॉलिश पेपर घासताना गेलं. चौथं टिकलं.

कोडं जुळवायला पहिली बसली ती शेजारची चुलत आजी. तिला अक्षरं येत नाहीत, पण टोकावर बोट ठेवून म्हणाली, “हे नरसिंगपूर.” कसं ओळखलं विचारलं, तर म्हणाली, “दोन नद्या हायती की. आन् हिकडं वर उजनीचं पाणी.” मग बोट मागे आणत, नीरेकाठच्या बाजूला थांबून तिने विचारलं, “आन् आपलं शेळगाव कुठंय?”

शेळगाव चौदा तुकड्यांत कुठेच नव्हतं. फळीवर नावं लिहिली होती ती तालुक्यांची. माझ्या टेबलावर हळदीकुंकवाच्या जुन्या डबीत गळलेले अनुस्वार आणि ‘ळ’चे डोळे जमवलेले असतात, टाकवत नाहीत. त्यातला एक बारीकसा, ‘इंदापूर’चा पहिला, उचलला, मागे फेव्हिकॉलचा थेंब लावला आणि आजीने बोट ठेवलं होतं तिथे चिकटवला. ती म्हणाली, “जरा वर सरकव, कॅनॉलच्या पल्याड गेलंय.”

सरकवला.