गोदामातील काळ्या-पांढऱ्या रेघा

औषधांच्या एका मोठ्या गोदामाची कल्पना करा. मांडण्यांवर हजारो खोकी आहेत. खोक्यावरील क्रमांक उतरवून घेताना कारकुनाचा एक अंक जरी चुकला, तरी रुग्णालयाला भलतेच औषध जाईल. ही चूक कशी टाळावी?

बिस्किटाच्या पुड्यावरील काळ्या-पांढऱ्या रेघा तुम्ही पाहिल्याच असतील. हाच बारकोड. गोदामात त्यावरून लाल प्रकाशाचा किरण फिरवतात. पांढरा भाग प्रकाश परावर्तित करतो, काळा भाग तो शोषून घेतो. परतणाऱ्या प्रकाशातील या चढउतारांचे विद्युत् स्पंदांत रूपांतर होते व त्यांवरून संगणक १३ अंक ओळखतो. अशा रेघा वाचून दुकानातील पहिली विक्री २६ जून १९७४ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातील ट्रॉय येथे झाली. वस्तू होती च्युइंगगम!

यांतील तेरावा अंक हा पहारेकरी असतो. समजा, पहिले १२ अंक ८९०१२३४५६७८९ आहेत. डावीकडून विषम स्थानांवरील अंकांची बेरीज २८, सम स्थानांवरील अंकांची ३४. दुसरीची तिप्पट पहिलीत मिळवा; १३० येतात. यांना १० ने पूर्ण भाग जातो, म्हणून तेरावा अंक ०. बेरीज १३२ आली असती, तर तो ८ असता. कोणताही एकच अंक चुकला, तर हा मेळ बसत नाही आणि यंत्र क्रमांक नाकारते.

मात्र क्रमांक हाताने टंकताना शेजारचे १ आणि ६ उलटसुलट झाले, तर पहारेकरी फसतो. कारण बेरजेत नेमका १० चा फरक पडतो. आणखी कोणत्या जोड्या त्याला फसवतील? वहीत मांडून पाहा.