विश्लेषण : सायकल एकाची, निधी घरादाराचा!

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात दरवर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला ‘पॅन-मास चॅलेंज’ ही सायकलफेरी निघते. कर्करोगाशी लढण्यासाठी निधी उभारणाऱ्या या फेरीत सायकल एकजण चालवतो. पण कस सगळ्या कुटुंबाचा लागतो.

सुरुवात कशी झाली?
बिली स्टार यांच्या आईचे १९७४ मध्ये कर्करोगाने निधन झाले. १९८० मध्ये त्यांनी ३६ सायकलस्वारांसह पहिली फेरी काढली. तेव्हा १०,२०० डॉलर जमले.

कुटुंबाची गरज कुठे लागते?
नाव नोंदवतानाच सायकलस्वार किमान निधीची हमी देतो. तो कमी पडला, तर उरलेली रक्कम त्याला स्वतःच्या खिशातून भरावी लागते. त्यामुळे नातेवाईक, शेजारी, कार्यालयातील सहकारी यांच्याकडे शब्द टाकायला घरच्यांची मदत मोलाची ठरते. स्टरब्रिज ते प्रॉव्हिन्सटाउन हा मार्ग दोन दिवसांत सुमारे ३०० किलोमीटरचा. वाटेत पाणी-खाण्याच्या थांब्यांवर स्वयंसेवक राबतात, तर रस्त्याकडेला आप्तेष्ट फलक घेऊन उभे असतात.

पैसा कुठे जातो?
सायकलस्वारांनी जमवलेला सगळा निधी बोस्टनच्या डाना-फार्बर कर्करोग संस्थेला मिळतो. आजवरची रक्कम एक अब्ज डॉलरपुढे गेली आहे. अनेक सायकलस्वार घरातील रुग्णासाठी किंवा गमावलेल्या माणसाच्या आठवणीत ही फेरी करतात; काही स्वतःच या आजारातून बरे झालेले असतात.