दादी कुठे गेली?

बालविभागासाठी आलेली एक कथा छापण्यापूर्वी आम्ही चार-पाच मुलांना वाचून दाखवली. कथा मन लावून लिहिलेली होती. आजारी दादी, तिच्या उशाशी बसणारा छोटा नातू, आणि शेवटी एके दिवशी 'दादी अल्लाहला प्यारी झाली'. आमचे डोळे पाणावले. पाच वर्षांच्या एका मुलाने मात्र विचारले, "मग मी अल्लाहला प्यारा नाही का?" शेजारच्या मुलीने त्याची समजूत काढली, "तू अजून आजारी कुठे पडलास?" त्यावर तो जो गप्प झाला, तो खाऊ हातात देईपर्यंत बोलला नाही.

त्या महिन्यात ती कथा आम्ही थांबवली. लेखिका भगिनीची चूक म्हणता येणार नाही, कारण हे शब्द आपल्या घरांत रोजचे आहेत. मोठ्यांना त्यांतला हळुवारपणा कळतो. लहान मूल मात्र शब्द जसा आहे तसाच धरते. 'अब्बूंचे डोके तापले आहे' म्हटले की ते अब्बूंच्या कपाळाला हात लावून पाहते. 'दादी कायमची झोपली' असे लिहिले, तर एखादे मूल रात्री झोपायलाच घाबरेल.

म्हणून अगदी लहानांसाठी लिहिताना रूपकापेक्षा उपमा बरी, असे आमचे मत झाले आहे. उपमेत 'सारखे' हा शब्द असतो आणि मूल त्याचे बोट धरून चालते. पण वस्तू त्याने पाहिलेली हवी. आमच्याकडे येणाऱ्या कथांतल्या सगळ्या नायिकांचे दात मोत्यासारखे असतात. किती मुलांनी मोती पाहिला आहे? मक्याच्या दाण्यांसारखे लिहा की! पवित्र कुरआनात दुबळ्या आधाराला कोळ्याच्या घराची उपमा आहे आणि सूरह फीलमध्ये हत्तीवाल्या सैन्याची गत खाऊन टाकलेल्या भुशासारखी झाली असे सांगितले आहे. जाळे आणि भुसा कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

पुनरुक्तीला तर आम्ही कधीच कात्री लावत नाही. मोठ्यांच्या लेखात जो दोष, तोच इथे गुण. भोपळ्यातल्या म्हातारीला वाटेत भेटणारा प्रत्येक प्राणी तेच विचारतो, म्हणून तर मूल पुढचे वाक्य आधीच म्हणून टाकते. काऊचे घर शेणाचे आणि चिऊचे मेणाचे. चिमणीने मेण आणले कुठून, हे कोणीच विचारत नाही, कारण शेण-मेण हे यमक जुळले की मुलाचे समाधान होते. सूरह रहमानच्या 78 आयतींत एकच आयत 31 वेळा येते. मांडीवर बसून ऐकणारे मूल अर्थ कळण्याच्या कितीतरी आधी तिची वाट पाहू लागते.

नादाचे शब्दही असेच. आपल्या कित्येक मुलांच्या घरात उर्दू, दखनी किंवा कोकणी, आणि शाळेत मराठी. 'टपटप' आणि 'खटखट' यांना भाषांतर लागत नाही.

एका बाबतीत मात्र आम्ही कडक आहोत. रमजानच्या अंकासाठी हजरत सुलेमान (अलै.) आणि मुंगीची कथा हमखास येते. सूरह नम्लमध्ये मुंगी इतर मुंग्यांना सावध करते, सैन्याच्या पायाखाली चिरडू नये म्हणून घरात शिरायला सांगते. ते ऐकून हजरत सुलेमान (अलै.) स्मित करतात आणि अल्लाहचे आभार मानतात. एवढी गोड गोष्ट असताना एका हस्तलिखितात मुंगीला खोडकर मुलगा होता आणि पैगंबरांच्या तोंडी दोन विनोद होते. आम्ही ते काढले. मुलाला आज जे सांगू, ते मदरशात जाऊन तो खरे म्हणून सांगेल. सैन्याच्या पावलांची धपधप खुशाल लिहावी, सैन्य चालते म्हणजे पावले वाजणारच. पण पैगंबरांचे शब्द आपण रचू नयेत. ससा-कासवाला हवे ते बोलू द्या, तिथे आमची काही हरकत नाही.

दादीच्या कथेबद्दल आम्ही त्या भगिनीशी बोललो. तिने ती पुन्हा लिहिली. आता दादी रोज फजरनंतर तसबीह घेऊन बसते आणि मणी 'टिक्... टिक्...' वाजतात. तीन वेळा तेच वाक्य येते. मग एका सकाळी टिक् वाजत नाही. अम्मी नातवाला सरळ सांगते की दादीचा इंतकाल झाला, तिचा श्वास थांबला, ती आता परत येणार नाही, आपण तिच्यासाठी दुआ करू. तारे नाहीत, झोप नाही.

ती आम्ही त्याच मुलांना वाचून दाखवली. त्या मुलाने शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "मग ती तसबीह कोणी घेतली?"

हे कथेत नव्हते. आम्ही लेखिकेला फोन केला.