उषा जाधव यांनी उभ्या केलेल्या दोन आया

मार्कंड्याला तरुणांशी सिनेमावर बोलताना स्मिता पाटीलचे नाव लगेच निघते, उषा जाधव यांचे निघत नाही. म्हणून हे लिहितो आहोत.

कोल्हापूरच्या उषाताईंना 'धग'साठी 2012 चा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच चित्रपटाने शिवाजी लोटन पाटील यांना दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळवून दिला. कथा स्मशानात प्रेते जाळून जगणाऱ्या कुटुंबाची. कुणी मेले तरच यांची चूल पेटणार. मुलाला हे काम नको आहे; उषाताई त्याची आई. 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले. काम आणि जात यांची ती गाठ आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. आम्ही एम.ए.ला ती व्याख्येत पाठ केली होती, 'धग'मध्ये ती जेवणाच्या ताटापर्यंत येते.

पुढे 'माई घाट'साठी 2019 च्या गोव्यातील इफ्फीत त्यांना रौप्य मयूर मिळाला. केरळात 2005 मध्ये उदयकुमार पोलीस कोठडीत मरण पावला. त्याच्या आईने वर्षानुवर्षे कोर्टाची पायरी सोडली नाही. तिच्यावरून अनंत महादेवन यांनी हा मराठी चित्रपट केला. कोठडीतल्या मृत्यूंवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आधी हाच पाहावा, 'धग' नंतर.