काच आरपार, पण लक्ष?

रात्रीच्या एसटीनं प्रवास केलाच असेल ना मैत्रिणींनो? आत दिवा असला की खिडकीच्या काचेत आपलाच चेहरा दिसतो आणि त्यातूनच बाहेरची झाडं पळताना दिसतात. उजाडलं की चेहरा गायब! काच तीच, पण बाहेरच्या उजेडापुढे प्रतिबिंबाचं काही चालत नाही.

'ऑगमेंटेड रिअॅलिटी'च्या चष्म्याचं गणितही थेट असंच आहे. आमच्या बचत गटातल्या एकीचा मुलगा मोठ्या उत्साहानं सांगत होता, "काकू, आता मोबाइल हातात धरायलाच नको. समोर हवेतच अक्षरं दिसणार!" म्हणून मी जरा वाचून काढलं.

या चष्म्याच्या पारदर्शक काचेतून बारीकशा प्रोजेक्टरचा उजेड डोळ्यात येतो. म्हणजे समोरच्या दृश्यात तो उजेडाची भर घालतो. असलेला उजेड कमी करू शकत नाही. त्यामुळे काळा रंग दाखवताच येत नाही. काळं म्हणजे तिथं नुसतं आरपार! भर उन्हात अक्षरं फिकी पडतात आणि मागे नक्षीचा पडदा किंवा बाजारातली गर्दी असली की वाचणं जड जातं.

दुसरी अडचण अंतराची. २०१६ साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्समध्ये अक्षरांसाठी नजर साधारण दोन मीटरवर स्थिरावावी लागे. पोळपाट मात्र हाताशी! दोन्ही एकदम स्वच्छ कसं दिसणार? मग डोळे शिणतात.

पण मला खरी काळजी वाटते ती तिसऱ्या गोष्टीची. वैमानिकांसमोर काचेवर आकडे दाखवायची पद्धत जुनी आहे. १९८० साली नासानं प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, सरावाच्या यंत्रात विमान उतरवताना काही वैमानिकांना धावपट्टीवर आडवं आलेलं दुसरं विमान दिसलंच नाही. काच आरपार होती, डोळे उघडे होते, लक्ष मात्र आकड्यांवर!

दोन्ही हात कामात गुंतलेल्या डॉक्टरला किंवा कारागिराला असा चष्मा उपयोगी पडतो, हे खरंच. पण आता तो रस्त्यावरही आलाय. २०२५ साली मेटानं अमेरिकेत एका डोळ्यापुढे पडदा असलेला रे-बॅन चष्मा विकायला काढला. आपल्याकडे आला की मुलं म्हणतील, "अगं आई, रस्ता दिसतोय की!" तेव्हा ठामपणे सांगा, दिसणं वेगळं आणि लक्ष असणं वेगळं. गाडी चालवताना, रस्ता ओलांडताना तो पडदा बंदच हवा.

आणि घ्यायचाच झाला, तर दुकानातल्या दिव्यात बघून भुलू नका. साडीचा रंग बघायला आपण दारात जातो ना? तसाच चष्माही उन्हात लावून बघा. अक्षरं तिथंच पारखून घ्या, मगच पैसे मोजा!