अमेरिकेत रेसिडेन्सी करायची आहे? आधी परीक्षा की आधी इलेक्टिव्ह?

समजा, एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीला अमेरिकेतल्या रुग्णालयाचा ईमेल आला. फेब्रुवारीत चार आठवड्यांची इलेक्टिव्ह मंजूर झाली आहे. अडचण एकच. त्याच फेब्रुवारीत तिने यूएसएमएलई स्टेप टू सीके या परीक्षेची तारीख घेऊन ठेवली आहे. एकीकडे अनेक महिन्यांचा अभ्यास, दुसरीकडे सहजासहजी न मिळणारी संधी. यातलं काय पुढे ढकलायचं?

अमेरिकेत जाऊन डॉक्टरकी करण्याचं स्वप्न पाहणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांपुढे हा प्रश्न कधी ना कधी येतो. अभ्यास किती तास करायचा, पुस्तकं कोणती वापरायची याबद्दल भरपूर बोललं जातं. पण कोणती गोष्ट कधी करायची, हे गणित चुकलं तर चांगले गुण असूनही अख्खं वर्ष वाया जाऊ शकतं. ते गणित समजून घेऊ.

आधी काही शब्द

अमेरिकेत एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर प्रशिक्षणाला रेसिडेन्सी म्हणतात. भारतातून पदवी घेतलेल्या डॉक्टरला त्यासाठी ईसीएफएमजी या संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. ते मिळवण्यासाठी स्टेप वन आणि स्टेप टू सीके या दोन परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या लागतात. सोबत रुग्णाशी बोलण्याचं आणि त्याला तपासण्याचं कौशल्य सिद्ध करणारे 'पाथवेज' पूर्ण करावे लागतात. ओईटी ही वैद्यकीय इंग्रजीची परीक्षा त्याचाच भाग आहे. शेवटी एमबीबीएसची पदवी.

स्टेप वन ही मूलभूत विषयांची परीक्षा आहे. जानेवारी २०२२ पासून तिचे गुण मिळत नाहीत, फक्त उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढंच कळतं. स्टेप टू सीके ही प्रत्यक्ष रुग्णांवरच्या उपचारांशी संबंधित आहे आणि तिला आजही तीन अंकी गुण मिळतात. स्टेप थ्री बहुतेक जण रेसिडेन्सी सुरू झाल्यावर देतात. एच-वन-बी व्हिसावर रेसिडेन्सी करायची असेल तर मात्र ती आधी द्यावी लागते.

इलेक्टिव्ह म्हणजे विद्यार्थी असताना अमेरिकेतल्या रुग्णालयात साधारण चार आठवडे केलेलं काम. यात रुग्णाची माहिती घेणं, तपासणं, वरिष्ठांपुढे केस मांडणं हे सगळं करायला मिळतं. आपल्या अभ्यासक्रमातही इलेक्टिव्ह नावाचा काळ असतो. पण या लेखात इलेक्टिव्ह म्हणजे अमेरिकेतली.

कॅलेंडर उलटं का वाचायचं?

रेसिडेन्सीचं वर्ष साधारण १ जुलैला सुरू होतं. त्याचा निकाल, म्हणजे 'मॅच', मार्चमधल्या तिसऱ्या शुक्रवारी लागतो. मुलाखती त्याआधीच्या हिवाळ्यात, मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारी या काळात होतात. मुलाखतीला कोणाला बोलवायचं, हे रुग्णालयं सप्टेंबरअखेरीस अर्ज उघडून ठरवायला लागतात.

म्हणजे खरी मुदत मार्चची किंवा जुलैची नाही, सप्टेंबरची आहे. अर्ज उघडला जाईल तेव्हा त्यात दोन गोष्टी असायला हव्यात: स्टेप टू सीकेचे गुण आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांची शिफारसपत्रं. यातली एखादी नोव्हेंबरमध्ये आली तर नियमाने चालतं. पण तोवर मुलाखतीच्या बऱ्याच जागा वाटून झालेल्या असतात.

स्पर्धा किती आहे, हेही पाहायला हवं. २०२५ च्या मॅचमध्ये अमेरिकेतून एमडी झालेल्या विद्यार्थ्यांपैकी ९३ टक्क्यांहून जास्त जणांना जागा मिळाली. अमेरिकेचे नागरिक नसलेल्या आणि बाहेरच्या देशात शिकलेल्या डॉक्टरांमध्ये हे प्रमाण सुमारे ५८ टक्के होतं. अशा वेळी अर्धवट अर्ज परवडत नाही.

इलेक्टिव्हला इतकं महत्त्व का?

शिफारसपत्रामुळे. मुंबईतल्या किंवा नागपुरातल्या प्राध्यापकांनी कितीही चांगलं पत्र दिलं, तरी निवड करणाऱ्या अमेरिकन डॉक्टरांना एक प्रश्न उरतोच. हा मुलगा किंवा ही मुलगी आमच्या रुग्णालयात, आमच्या पद्धतीने काम करू शकेल का? त्याचं उत्तर तिथे सोबत काम केलेला डॉक्टरच देऊ शकतो. स्टेप वनचे गुण गेल्यापासून अशा पत्रांचं आणि स्टेप टू सीकेच्या गुणांचं वजन आणखी वाढलं आहे.

पण इलेक्टिव्ह फक्त विद्यार्थ्यांनाच मिळते. पदवी हातात आली की तो दरवाजा जवळपास बंद होतो. मग उरते ती ऑब्झर्व्हरशिप. तिथे बहुतेक वेळा रुग्णाला हात लावता येत नाही. डॉक्टर काय करतात ते बाजूला उभं राहून पाहायचं.

म्हणून सगळ्या नियोजनाचा पाया एका वाक्यात सांगता येतो. परीक्षा पुढे ढकलता येते, विद्यार्थीपण ढकलता येत नाही.

स्टेप वन आधी का द्यायची?

वैद्यकीय शिक्षणाची पहिली दोन वर्षं पूर्ण झाल्यावर स्टेप वन देता येते. ती इलेक्टिव्हच्या आधी देण्यामागे दोन कारणं आहेत.

एक म्हणजे, अनेक रुग्णालयं इलेक्टिव्हच्या अर्जातच स्टेप वनचा निकाल मागतात. तो नसेल तर निवडीला वावच कमी राहतो. दुसरं कारण अभ्यासाचं. ही परीक्षा शरीरक्रियाशास्त्र, विकृतिशास्त्र, औषधशास्त्र अशा विषयांवर आहे. हे विषय जितके मागे पडतील तितकी उजळणी वाढते.

मात्र घाई नको. यूएसएमएलईची उत्तीर्ण झालेली परीक्षा गुण वाढवण्यासाठी पुन्हा देता येत नाही आणि अनुत्तीर्ण झालेला प्रयत्न गुणपत्रिकेवर कायम राहतो. प्रत्येक स्टेपला जास्तीत जास्त चार प्रयत्न मिळतात. शुल्कही एका परीक्षेला एक हजार डॉलरहून अधिक आहे. त्यामुळे सराव परीक्षांमध्ये आपण सातत्याने उत्तीर्ण होत नसू, तर 'बघू या देऊन' हा विचार महागात पडतो.

स्टेप टू सीके इलेक्टिव्हच्या आधी की नंतर?

खरी ओढाताण इथे आहे. दोन्ही बाजूंना अर्थ आहे.

आधी दिली तर विद्यार्थी तयारीनिशी रुग्णालयात जातो. राउंडमध्ये विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं येतात, चांगली छाप पडते आणि पत्रही चांगलं मिळतं. परीक्षेचं ओझं डोक्यावर नसतं.

नंतर दिली तर इलेक्टिव्हमध्ये पाहिलेले रुग्णच अभ्यासाला मदत करतात. अमेरिकेत एखाद्या आजारात आधी कोणती तपासणी करतात, घरी कधी सोडतात, नातेवाइकांशी कसं बोलतात, हे डोळ्यांनी पाहिलेलं असतं. परीक्षेतले प्रश्न याच पद्धतीवर बेतलेले असतात.

दोन्हींपैकी काय निवडायचं, हे तयारीवर अवलंबून आहे. तारखा जुळत असतील आणि तयारी झाली असेल तर आधी द्यावी. तयारी अर्धी असेल तर इलेक्टिव्ह करून परत यावं, दोन-तीन महिने नीट अभ्यास करावा आणि मग द्यावी. टाळायची गोष्ट एकच: इलेक्टिव्ह चालू असताना रात्री जागून परीक्षेचा अभ्यास. त्यात दिवसा कामाकडे लक्ष राहत नाही आणि रात्री अभ्यास होत नाही. पत्रही साधारण मिळतं आणि गुणही.

नंतर द्यायची असली तरी ज्या वर्षी अर्ज करायचा त्या वर्षीच्या जुलैअखेरपर्यंत ती झालेली बरी. निकाल यायला साधारण चार आठवडे लागतात, काही वेळा त्याहून जास्त. जुलैमध्ये परीक्षा दिली तर सप्टेंबरच्या आधी गुण हातात येतात आणि अर्ज कुठे-कुठे करायचा हे त्यावरून ठरवता येतं.

एक उदाहरण

समजा, पुण्यातल्या एका विद्यार्थिनीची अंतिम वर्षाची परीक्षा जानेवारी २०२७ मध्ये संपते. इंटर्नशिप मार्च २०२७ च्या अखेरीस सुरू होऊन मार्च २०२८ मध्ये संपते. तिच्यापुढे दोन वाटा आहेत.

पहिली वाट सप्टेंबर २०२७ मध्ये, म्हणजे इंटर्नशिप चालू असतानाच अर्ज करण्याची. पदवी मिळण्याआधी मॅचमध्ये भाग घेता येतो, पण दोन्ही परीक्षा आणि पाथवेज वेळेत पूर्ण हवेत. यासाठी तिला स्टेप वन २०२६ च्या पहिल्या सहामाहीत द्यावी लागेल. अंतिम परीक्षा आणि इंटर्नशिप यांच्या मधल्या आठवड्यांत इलेक्टिव्ह. मग इंटर्नशिप सांभाळत जुलै २०२७ पर्यंत स्टेप टू सीके. सगळं जुळलं तर जुलै २०२८ मध्ये ती रेसिडेन्सी सुरू करेल. मध्ये एकही वर्ष रिकामं नाही. पण कुठेही महिनाभर घसरलं तरी सगळी साखळी तुटते.

दुसरी वाट इंटर्नशिप संपवून सप्टेंबर २०२८ मध्ये अर्ज करण्याची. इथे स्टेप टू सीकेला एप्रिल ते जुलै २०२८ असा मोकळा वेळ मिळतो. गुण चांगले येण्याची शक्यता वाढते. पण २०२७ च्या सुरुवातीला केलेल्या इलेक्टिव्हची पत्रं तोवर दीड वर्ष जुनी झालेली असतात. रुग्णालयांना अलीकडची पत्रं आवडतात. ताजं पत्र हवं तर तोवर ती पदवीधर झालेली असते, म्हणजे हाती फक्त ऑब्झर्व्हरशिप. शिवाय सरकारी महाविद्यालयात शिकली असेल तर एक वर्षाच्या बंधपत्रित सेवेचाही हिशोब करावा लागतो.

दोन्ही वाटांमध्ये एक गोष्ट मात्र तीच राहते. इलेक्टिव्ह अंतिम परीक्षेनंतर लगेच. बदलते ती फक्त स्टेप टू सीकेची तारीख.

हिशोब कुठे बिघडतो?

पहिलं, अर्जाला लागणारा वेळ. इलेक्टिव्हचे अर्ज बऱ्याच ठिकाणी सहा महिने ते वर्षभर आधी करावे लागतात. महाविद्यालयाचं पत्र, लसीकरणाच्या नोंदी, विमा अशी कागदपत्रं जमवण्यातच कितीतरी आठवडे जातात.

दुसरं, व्हिसा. बिनपगारी इलेक्टिव्हसाठी वैद्यकीय विद्यार्थ्यांना साधारणपणे बी-वन व्हिसा मिळतो. पण मुलाखतीची तारीख मिळायलाच काही महिने लागू शकतात. परीक्षेच्या तारखेआधी व्हिसाच्या तारखा पाहाव्यात, त्या आपल्या हातात नसतात.

तिसरं, 'इंटर्न म्हणजे विद्यार्थी की नाही' हा प्रश्न. साडेचार वर्षांनंतरची एक वर्षाची इंटर्नशिप आपल्याकडे पदवीचाच भाग आहे. काही अमेरिकन रुग्णालयं इंटर्नला विद्यार्थी मानतात, काही मानत नाहीत. सीनियरला चाललं म्हणून आपल्यालाही चालेल, असं गृहीत धरू नये. रुग्णालयाला ईमेल करून लेखी उत्तर घ्यावं. इंटर्नशिपमध्ये सुट्याही मोजक्याच असतात, त्यामुळे मंजुरी मिळूनही जाता येईलच असं नाही.

चौथं, विद्यापीठाची परीक्षा. तिच्या तारखा पुढे गेल्या तर विमानाचं तिकीट, व्हिसा, इलेक्टिव्ह सगळंच कोलमडतं. म्हणून अंतिम परीक्षा आणि इलेक्टिव्ह यांच्यात दोन-तीन आठवडे मोकळे ठेवणं शहाणपणाचं.

पाचवं, पत्र मागायला केलेला उशीर. इलेक्टिव्हच्या शेवटच्या आठवड्यातच डॉक्टरांना पत्राबद्दल विचारावं. वर्षभराने आलेला ईमेल वाचून 'ही कोण बरं?' असा प्रश्न पडला, तर पत्र कोरडंच येणार.

आणि पदवी आधीच मिळाली असेल तर?

वाट बंद होत नाही, अवघड होते. अशा डॉक्टरांसाठी क्रम बदलतो. त्यांच्याकडे जपायला विद्यार्थीपण नसतं, म्हणून दोन्ही परीक्षा आधी आणि चांगल्या गुणांनी पूर्ण करणं महत्त्वाचं. ऑब्झर्व्हरशिप अर्जाच्या वर्षातच, शक्यतो वसंतात किंवा उन्हाळ्यात करावी. पत्रं ताजी राहतात आणि सप्टेंबरच्या आधी हातात पडतात. पदवी मिळून किती वर्षं झाली, याकडेही बरीच रुग्णालयं पाहतात. त्यामुळे मधल्या काळात डॉक्टर म्हणून काम चालू ठेवणं फायद्याचं ठरतं.

मग त्या विद्यार्थिनीने काय करावं?

सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येऊ. फेब्रुवारीत इलेक्टिव्ह आहे आणि फेब्रुवारीतच स्टेप टू सीके. नोंदणी केल्यावर परीक्षेसाठी तीन महिन्यांचा कालावधी मिळतो. त्या कालावधीत पुढची तारीख मिळत असेल तर तारीख बदलावी. मिळत नसेल तर मुदतवाढीचा किंवा नव्या नोंदणीचा खर्च सोसावा लागेल. काही हजार रुपये जातील, कदाचित जास्तही. पण सप्टेंबरला अजून सात महिने आहेत आणि मे-जूनमध्ये तीच परीक्षा आरामात देता येते.

इलेक्टिव्ह सोडली तर ती पुढच्या वर्षी विद्यार्थी म्हणून मागता येईलच असं नाही. तिने विमानाचं तिकीट काढावं.