सव्वा टक्का

२०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार होती. त्यात अनुसूचित जमातींची माणसं साधारण ३३ हजार, म्हणजे जेमतेम सव्वा टक्का. नंदुरबारमध्ये हेच प्रमाण ६९ टक्के, राज्यात ९.३५.

आरक्षणाच्या आकड्यांवर बीडइतकं बोलणारा जिल्हा शोधून सापडणार नाही. धाकटी पंढरी म्हणवणाऱ्या नारायणगडावर २०२४च्या दसऱ्याला मनोज जरांगे पाटलांचा मराठा आरक्षणासाठीचा मेळावा झाला. पुढच्याच वर्षी अनुसूचित जमातीत समावेशासाठी बंजारा समाजाचा मोर्चा बीड शहरात निघाला. कोणाची मागणी किती रास्त, हा इथला विषय नाही. जे पारधी, भिल्ल आधीपासूनच यादीत आहेत, त्यांची पोरं कॉलेजात पोचतात का आणि पोचली तर टिकतात का, एवढंच पाहायचं आहे.

पोचण्याचा हिशेब सरकार ठेवतं. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणात २०१४-१५ साली आदिवासींचं नोंदणी-प्रमाण १३.५ होतं, २०२१-२२मध्ये ते २१.२ झालं. म्हणजे १८ ते २३ वयाच्या दर शंभर तरुणांमागे एकवीस नावं पटावर. सर्व समाजांचं मिळून हे प्रमाण २८.४. दरी आहे, पण कमी होते आहे, हे मान्य करायला हवं.

टिकण्याचा हिशेब मात्र मागितल्याशिवाय मिळत नाही. डिसेंबर २०२३मध्ये लोकसभेत विचारणा झाली तेव्हा कळलं, की पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठांतून अनुसूचित जमातींचे २,६२२ आणि अनुसूचित जातींचे २,४२४ विद्यार्थी बाहेर पडले. राखीव जागा अनुक्रमे साडेसात आणि पंधरा टक्के. म्हणजे निम्म्या जागा असलेल्या गटातून जास्त मुलं गेली. इथे घाई नको. मिझोराम, शिलाँगसारख्या ठिकाणच्या केंद्रीय विद्यापीठांत आदिवासी विद्यार्थीच बहुसंख्य असतात, त्यामुळे ही तुलना थोडी सैल आहे. शिवाय आयआयटींत हेच आकडे ४०८ आणि १,०६८ आहेत, तिथे चित्र उलटं दिसतं. मुलं दुसरा अभ्यासक्रम किंवा दुसरी संस्था निवडतात, असं सरकारचं म्हणणं. काही निवडत असतीलही. पण संस्थेगणिक आकडा एवढा हलत असेल, तर गळती ही विद्यार्थ्याच्या अंगची खोड मानता येत नाही.

हाच मुद्दा कॅनडातल्या क्री जमातीच्या शिक्षणतज्ज्ञ व्हर्ना कर्कनेस यांनी अलास्काच्या रे बार्नहार्ट यांच्यासोबत १९९१मध्ये मांडला होता. विद्यापीठ म्हणतं, मुलं आमच्याकडे येतात. मुलं म्हणतात, आम्ही विद्यापीठात जातो. 'येणं' म्हटलं की घर विद्यापीठाचं, नियम त्याचे, आणि न जमलं तर कमतरता पाहुण्याची. त्याच सुमारास अमेरिकेत विल्यम टिअर्नी यांनी मूळनिवासी विद्यार्थ्यांचा अभ्यास करून, कॉलेजात 'मिसळून जा' हा सल्ला म्हणजे आपली संस्कृती मारून टाका असंच सांगणं आहे, इतक्या कडक शब्दांत टीका केली. मला कर्कनेसबाईंचं 'येणं-जाणं' जास्त पटतं, कारण बीडमध्ये ते शब्दशः खरं आहे.

नारायणगडाच्या आसपासच्या एखाद्या पालावरची, बारावी झालेली मुलगी धरा. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर २०१६-१७पासूनची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. तिच्यात मुंबई-पुण्यात शिकणाऱ्याला वर्षाला ६० हजार आणि साध्या जिल्ह्याच्या गावी ४३ हजार रुपये ठरले. जेवण, खोली, वरखर्च सगळं धरून महिन्याला सुमारे साडेतीन हजार. हप्ता दोन महिने लांबला तर खोलीमालक थांबणार नाही. नंदुरबारची मुलगी निदान आपल्याच गावातल्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जाऊन विचारू शकते. सव्वा टक्क्याच्या जिल्ह्याला वेगळं कार्यालय परवडत नाही, असा हिशेब असावा. बीडचा कारभार पाहणारं प्रकल्प कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे, सव्वाशे किलोमीटरहून अधिक लांब.